नाव विचारायचं राहून गेलं, पण आभार मानायचेच आहेत

आमची पोरगी दहा वर्षांची, पण दिसायची सहाची. "घराण्यातच असन बापा" असं सगळे म्हणायचे अन् आम्हीही तेच धरून बसलो होतो. पहिले आभार शाळेतल्या मॅडमचे, त्यांनी उंचीच्या जुन्या नोंदी काढून दाखवल्या, वर्षाला जेमतेम 3 सेंटीमीटर, म्हणाल्या नागपूरला दाखवाच. तिथं डाव्या हाताचा एक्सरे झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या अन् कळलं, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोनच कमी बनवते.

रोज रात्री त्याच हार्मोनचं इंजेक्शन, तेही घरीच द्यायचं. माझे हात थरथरत होते तर त्या सिस्टरनं आपल्या डब्यातलं संत्रं काढून माझ्या हातात दिलं, म्हणे आधी यावर टोच, दहादा टोच. सालीतून सुई जातानाचा तो बारीकसा कट् आवाज अजून आठवतो. ताई, तुमच्यामुळं हात बसला.

औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवा लागते, गोठलं तरी वाया. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईन कधी जाईन नेम नाही, तर मेडिकलवाल्या भाऊंनी इन्व्हर्टरवरच्या फ्रिजमधला एक कप्पा आमच्यासाठी रिकामाच करून दिला, एक पैसा घेतला नाही. अन् एसटीतले ते कंडक्टर भाऊ, मे महिन्यात बर्फाचा डबा मांडीवर पाहून त्यांनी आम्हाला सावलीच्या बाजूला बसवलं.

पहिल्याच वर्षी पोरगी 8 सेंटीमीटर वाढली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. यातलं कोणी हे वाचत असन तर एकदा घरी या, खुणा ती स्वतः दाखवते.