पुण्यातलं सुवर्ण पुण्याच्याच पेपरनं विसरायचं?

महोदय,

कालच्या क्रीडापानावरचा थाळीफेकपटू विकास गौडावरील लेख वाचला. ‘चार ऑलिंपिक, पदक एकही नाही’ असं मथळ्यातच निकालपत्र, आणि खाली चौकटीत कारकिर्दीचा गोषवारा. चौकटीत ग्वांगझू आणि इंचिऑनचे आशियाई खेळ आहेत, ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा तर ठळक ठशात आहे. फक्त पुणे नाही. आपलं कार्यालय पुण्यातच आहे म्हणून नम्रपणे विचारतो, जुलै 2013 मध्ये बालेवाडीला आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली होती, हे लेखकमहाशयांना कुणी सांगितलं नव्हतं का?

मी तेव्हा शाळेत क्रीडाशिक्षक होतो. वर्गातली काही पोरं घेऊन थाळीफेकीची अंतिम फेरी बघायला गेलो होतो. आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. पलीकडे बसलेल्या एका गृहस्थांनी गौडाकडे बोट करून मला विचारलं, “हा कधी पळणार?” त्यांना काय सांगणार! गौडा जाळीत उभा राहून टॉवेलानं थाळी पुसत होता. घामाचा एक थेंब राहिला तरी थाळी हातातून निसटते आणि जाळीवर जाऊन आदळते. मग अडीच मीटर व्यासाच्या त्या वर्तुळात पाठमोरा उभा राहिला, एक-दोनदा हात झुलवला आणि गिरकी घेतली. एवढा धिप्पाड गडी, पण पाय कसे हलके पडत होते! माझी पोरं थाळीकडे बघत होती. मी ओरडून सांगत होतो, “अरे, पाय बघा, पाय!” फलकावर 64.90 मीटर लागलं आणि सुवर्ण ठरलं. त्या स्पर्धेत भारताला सुवर्णपदकं मिळाली ती दोनच, एक हे आणि दुसरं महिलांच्या 4 बाय 400 मीटर रिलेचं. त्याच आठवड्यात गड्याला तिशी पूर्ण झाली होती. इतकं सगळं आपल्या शहरात घडलं आणि आपल्या चौकटीत त्याला एक ओळ मिळू नये?

आता ऑलिंपिकबद्दल. अथेन्स, बीजिंग आणि रिओत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला, हे खरंच आहे. पण 2012 ला लंडनमध्ये तो अंतिम फेरीत होता आणि आठवा आला. जगात आठवा, महाराज! आपल्या लेखात याला ‘निराशाजनक’ म्हटलं आहे. लेखकानं दोन किलोची ती थाळी एकदा मैदानावर फेकून बघावी. वीस मीटर गेली तर मी स्वखर्चानं पेढे वाटीन.

त्याच वर्षी त्यानं 66.28 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. 2018 मध्ये निवृत्त झाला तेव्हाही तो विक्रम त्याच्याच नावावर होता. ग्लासगोचं सुवर्ण आपण ठळक छापलंत, आभार. पण मिल्खा सिंग यांच्या 1958 च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलात अ‍ॅथलेटिक्सचं सुवर्ण जिंकणारा हा पहिलाच भारतीय पुरुष, हे लिहायला जागा पुरली नसावी. शेजारी अर्धं पान सदनिकांची जाहिरात होती.

‘अमेरिकेत वाढलेला’ हा शेराही उगाचच. जन्म म्हैसूरचा, वडील स्वतः अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षक, आणि पोरगा तिकडच्या विद्यापीठाकडून 2006 मध्ये तिथली महाविद्यालयीन स्पर्धा जिंकतो. तरी खेळला भारताकडून. इथं राहून खेळणाऱ्यांचं आपण काय मोठं कौतुक करतो? प्रवीणकुमार यांनी 1966 आणि 1970 अशी लागोपाठ दोन आशियाई सुवर्णं थाळीफेकीत मिळवली. लोकांना आठवतो तो दूरदर्शनवरच्या ‘महाभारता’त त्यांनी केलेला भीम.

आमच्या शाळेचंच सांगतो. एका पालकांच्या उभ्या गाडीची काच फुटली आणि दुसऱ्या दिवसापासून थाळीफेक बंद. गाड्या मैदानात लावणं मात्र चालूच राहिलं! जिल्हा स्पर्धेपर्यंत पोचलेली एक मुलगी होती, ती पुढे रांगोळी स्पर्धेत उतरायला लागली. थाळ्या साहित्याच्या कपाटात कुलूपबंद झाल्या. माझ्या निवृत्तीच्या वेळी यादीशी ताडून परत केल्या, तेव्हा लाकडाला भेगा गेलेल्या होत्या.

तरी चौकटीतली चूक दुरुस्त करून छापावी ही विनंती. आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, भिंग लावून वाचावी लागेल अशी नको, क्रीडापानावरच छापा. आणि विषय निघालाच आहे तर, जिल्हा शालेय स्पर्धांचे निकाल आपण छापत असा ते का बंद केलेत? त्यात पोरांची नावं यायची. पालक कात्रणं काढून ठेवायचे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पुणे