वाघेरीवरून दिसलेला चोर्ला घाट

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला घेतलं की आई ‘वाघेरी’तला वाघ तेवढा ऐकते आणि फोन बाबांच्या हातात देते, म्हणून लिहूनच पाठवतेय. वाघेरीचा डोंगर चढून आले, हातपाय धड आहेत. वाघ दिसला नाही. आणि आई, 2020 च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले ते आठव. भ्यायचंच असेल तर त्यांनी आपल्याला भ्यावं.

केरीत पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. तू सांगितल्याप्रमाणे तिथल्या आजोबा देवाला नारळ ठेवला. वाट दाखवायला गावातले एक काका होते, कमरेच्या आकडीत कोयता. वनखात्याची परवानगी वगैरे बरोबरच्यांनी आधीच काढली होती. रानात सावली खूप, पण वारा नाही. तासाभरात कपडे पिळून काढावेत इतके ओले. तू दिलेलं कोकमाचं आगळ पाण्यात मिसळून नेलं होतं. बाकीच्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले तेव्हा सगळ्यांची नजर माझ्या बाटलीवर!

एका चढणीवर आधाराला फांदी धरणार तोच काका म्हणाले, “थांब गो, आधी बघ.” पानांच्या रंगाचाच चापडा साप, फांदीला वेटोळं घालून. तिकोनी डोकं अंगठ्याएवढं, उभ्या बाहुल्या, जराही हालचाल नाही. आम्ही वळसा घालून गेलो, त्याने दखलही घेतली नाही. त्यानंतर मी एकही फांदी न बघता धरली नाही, हे आईसाठी मुद्दाम लिहितेय.

रान संपलं की नुसतं वाळलेलं गवत आणि अंगावर येणारा चढ. तिथे दहा पावलं टाकायची, श्वास घ्यायचा, परत दहा. काका मात्र विडी ओढत पुढे! माथ्यावर भाकरी आणि सुकी भाजी खाल्ली, आणि मग बाबांची आठवण आली. खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी, आणि समोर चोर्ल्याचा घाट, झाडीत शिरतोय, बाहेर येतोय. एक कदंबा बस चढत होती. वळणावर दिसेनाशी व्हायची, मग बऱ्याच वेळाने वरच्या अंगाला निघायची. बाबा, तुम्ही इतकी वर्षं हा घाट चालवलात आणि घरी येऊन सांगायचात फक्त ‘आज धुकं होतं’. वरून बघितल्यावर कळलं की तुम्ही आम्हाला काहीच सांगितलेलं नाही.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट. वाळक्या गवतावरून बूट घसरतात, आणि प्रत्येक पावलाला सगळं ओझं गुडघ्यावर. काकांनी बांबूची काठी तोडून दिली म्हणून निभावलं. बाबा, डॉक्टरांनी सांगितलेली काठी तुम्ही कपाटामागे ठेवलीय ते आईने सांगितलंय मला. माझ्या वयाला लागली, तुम्हाला लागली तर कुणी हसणार नाही.

पुढच्या रविवारी साखळीला येते. गाडी घेऊन घाटात जाऊ. तुम्ही इंजिन गार करायला थांबायचात ते वळण मला दाखवा, वरून मला तीन-चार वळणं तशी वाटली. आई, तूही चल, गाडीतून उतरायला लागणार नाही.

तुमची,
बाय