चष्मा सुटला म्हणून पेढे वाटू नकोस

सातारा,
१४ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि तीही चष्मा न लावता, हे शेवटी अधोरेखित करून कळवलंस! बासष्टाव्या वर्षी जवळचा चष्मा सुटला, त्याचं श्रेय तू गाजराच्या रसाला देतोयस. रस पी, चांगला असतो. पण दुसऱ्या पानावर तू सहज एक ओळ लिहून गेलायस: रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, म्हणून अंधार पडला की गाडी मुलाच्या हाती देतोस. मी या दोन्ही गोष्टी जोडून वाचल्या.

माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयांत लोकांचे डोळे तपासण्यात गेली, हे तू विसरलास वाटतं. चष्मा सुटला म्हणून खुशीत आलेले आजोबा मी पुष्कळ पाहिलेत. चाळिशी लागते तेव्हा डोळ्यातलं भिंग ताठर होत गेलेलं असतं. सुरुवातीला प्लस एक नंबर लागतो, साठीपर्यंत तो अडीचच्या आसपास जातो. ताठर झालेलं भिंग पुन्हा मऊ होत नाही, रसाने तर नाहीच. मग चष्म्याशिवाय वाचता कसं येतं? मोतीबिंदू भिंगाच्या मधल्या भागात धरू लागला की तो भाग दाट होतो, प्रकाश जास्त वळवतो आणि नंबर मायनसकडे सरकतो. जवळचं स्पष्ट, लांबचं धूसर. पुढे मोतीबिंदू पिकत गेला की जवळचंही जातं. तुला नक्की तेच आहे असं पत्रावरून सांगणार नाही, पण माझा संशय तोच आहे.

म्हणून दुकानात जाऊन घाईने लांबचा नवा चष्मा करू नकोस. दुकानातलं मशीन नंबर काढून देईल, तो बरोबरही असेल, पण तो का बदलला हे मशीन सांगत नाही. मोतीबिंदू असेल तर थोड्या महिन्यांत नंबर पुन्हा सरकेल, आणि ऑपरेशन झाल्यावर तर सगळंच बदलतं. तेव्हाचा चष्मासुद्धा महिना-दीड महिन्याने, डोळा स्थिर झाला की करायचा.

वहिनींचं वेगळं आहे. त्यांची साखर खूप वाढली होती, गोळ्या सुरू झाल्या आणि आता जुन्या चष्म्यातून धूसर दिसतं म्हणतोस. साखर वरखाली झाली की भिंगातलं पाणीही वरखाली होतं आणि नंबर डळमळतो. आज काढलेला नंबर पुढच्या महिन्यात चुकीचा ठरेल. साखर महिना-दीड महिना एका पातळीवर राहू दे, मग चष्मा. तपासणीला मात्र थांबू नका. मधुमेह कळला की लगेच, आणि पुढे दर वर्षी, थेंब घालून डोळ्याचा पडदा बघून घ्यायचा. पडदा खराब होत असताना दिसायला बरेचदा काही फरक पडत नाही, तोच तर घोळ आहे.

नातू डोळे बारीक करून फळा बघतो, त्याला याच सुट्टीत दाखवा. ‘इतक्या लहानपणी चष्मा नको’ हे तुझं म्हणणं मला अजिबात पटत नाही. आपण मोठी माणसं चुकीच्या नंबरचा चष्मा घालून फिरलो तर डोकं दुखेल, डोळा बिघडत नाही. लहान मुलाचं तसं नसतं. एका डोळ्याला लागणारा नंबर वेळेत मिळाला नाही तर तो डोळा आळशी होतो, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर त्याला कामाला लावणं फार अवघड जातं. कमी नंबर दिला की नंबर वाढायचा थांबतो, हीसुद्धा खोटी समजूत. मुलांचा दर वर्षी तपासावा.

तू घरी एक करून बघ. दिवसाउजेडी भिंतीवरचं कॅलेंडर आधी एका डोळ्याने वाच, मग दुसऱ्याने. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही हे पुष्कळांना दुसऱ्यात कचरा गेल्यावरच कळतं. पाव नंबराच्या फरकासाठी काचा बदलायच्या भानगडीत पडू नकोस. अर्ध्याच्या पुढे गेला की खर्च करावा. त्रास नसला तरी आपल्या वयाला वर्षा-दोन वर्षांनी तपासणी हवीच, कारण काचबिंदू गुपचूप नजर खातो आणि खाल्लेली नजर परत येत नाही.

आणि हे वहिनींनाही वाचून दाखव: अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, डोळ्यापुढे काळे ठिपके वाढले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर चष्म्याच्या दुकानात नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला ये. जुने सगळे चष्मे आणि नंबराचे कागद घेऊन ये. नंबर कसा सरकत गेला ते त्यावरून कळेल. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा मुलाला बरोबर आण. जेवायला आमच्याकडेच. हिने भरली वांगी करायचं ठरवलंय.

तुझा,
विनायक