जालन्याच्या डीटीपीवाल्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न.

नाव छापायचं नाही ही अट तुमचीच, म्हणून पत्र असं बिननावाचं. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. फोनवर मानायला लागलो की तुम्ही ‘बरं, दुसरं काय?’ म्हणून विषय बदलता.

आमची वाहिनी लहान, जुने मराठी चित्रपट दाखवणारी. वेबसाइट नव्यानं करायची ठरली तेव्हा बैठका चालल्या त्या रंगांवर आणि लोगोवर. तुम्ही एवढंच विचारलंत, “आज रात्री काय आहे, ते कुठं दिसतं?” ते महिन्याच्या पीडीएफमध्ये होतं, आणि ती फोनवर उघडून बोटांनी मोठी करत बसावं लागे. त्यामुळं परभणी-नांदेडकडून ऑफिसात रोज फोन: ‘आज रातच्याला कोणता पिच्चर लागायलाय?’ आता पान उघडलं की सगळ्यात वर आजचा चित्रपट आणि वेळ. फोन बरेच कमी झालेत. काही आजोबा तरी करतातच, पण त्यांना गप्पा मारायच्या असतात.

खरं काम पुढं होतं. आमची चित्रपटांची सगळी यादी युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात टाइप केलेली. वेबसाइटवर टाकली की नुसती चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर लावला तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि रफार एक घर सोडून. ऐन लग्नसराईत, पत्रिकांचा ढीग बाजूला सारून, तुम्ही एकेक ओळ तपासलीत. ‘चि. सौ. कां.’ चुकलं तर लोक दुकानात येऊन भांडतात, मग नटाचं नाव का चुकू द्यायचं, हा तुमचा हिशेब. शोधपेटीचंही तसंच. गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर कसा पाठवतात हे तुम्हाला पाठ, म्हणून ‘माणुस’ लिहिलं तरी ‘माणूस’ सापडतो आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलं तरी ‘कुंकू’ निघतो.

सालांचा घोळही तुम्हीच धरलात. आमच्या तक्त्यात ‘संत तुकाराम’पुढं 1937 होतं. ते व्हेनिसच्या महोत्सवातल्या गौरवाचं साल. चित्रपट 1936 चा. ‘श्यामची आई’पुढं 1954, म्हणजे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते साल, चित्रपट 1953 चा. दोन्हीकडं एकच खोड आहे हे ओळखून तुम्ही पुरस्काराचा रकाना वेगळा करायला लावलात. ‘अयोध्येचा राजा’पुढं निर्मितीचं ठिकाण म्हणून लिहिलेलं पुणेही तुम्हीच खोडलंत: 1932 साली तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात होती, पुण्याला गेली ती 1933 मध्ये. आणि ‘कुंकू’ व ‘दुनिया न माने’ किंवा ‘शेजारी’ व ‘पडोसी’ ही एकाच कथेची दोन भाषांतली रूपं आता एकमेकांच्या पानाला जोडलेली आहेत. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र आपलं वाजलं. जुन्या चित्रपटांची चौकट (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) 4:3 च्या जवळपासची, आणि आमच्या डिझायनरनं फोटो आडवे ताणून 16:9 मध्ये बसवलेले. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा चांगले गुटगुटीत दिसत होते! तुम्ही म्हणालात, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दे, माणसं ताणू नका. डिझायनर दोन दिवस रुसला. मला अजूनही मुखपृष्ठावर त्या पट्ट्या थोड्या खटकतात, पण माळेगावच्या यात्रेत तंबूत सिनेमा पाहिलेल्या एका गृहस्थांनी कळवलंय की चेहरे आत्ता खरे दिसायलेत. मग माझं काय चालणार?

पाकीट तुम्ही परत पाठवलंत, ते माझ्या खणात तसंच आहे. गाण्यांची यादी अजून त्याच जुन्या फॉन्टात पडलीय आणि ती तुमच्याशिवाय सुटणार नाही. पण या खेपेला आधी रीतसर बिल पाठवा. त्याशिवाय फाइल पाठवणार नाही.

आपला,
वेबसाइट सांभाळणारा
छत्रपती संभाजीनगर