अमेरिकेतील मुलांची एक फाइल सोलापुरातही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. सोलापुरातून शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेली बहुतेक मुले रीतसर व्हिसावर आहेत, म्हणून इथले आईवडील निर्धास्त असतात. पण इमिग्रेशन खात्याने कुणाला ताब्यात घेतले, तर पहिल्या दोन दिवसांत लागणारी माहिती घरात कुणाकडेच नसते. ती आधीच जमवून ठेवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी मुलांनी काय करायचे ते. इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी दार वाजवले की उघडण्याची घाई करू नये. वॉरंट दाराखालून सरकवायला किंवा खिडकीच्या काचेला लावून दाखवायला सांगावे. त्यावर न्यायालयाचे नाव, न्यायाधीशाची सही, बरोबर नाव-पत्ता आहे का, हे बघावे. 'आय-२००' किंवा 'आय-२०५' या फॉर्मवर इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. ते न्यायालयाचे वॉरंट नव्हे. दार उघडून नुसते बाजूला झाले तरी ती संमती मानली जाऊ शकते. अधिकारी तरीही आत शिरले, तर अडवू नये. 'माझी संमती नाही' एवढे स्पष्ट म्हणावे.

प्रश्नांना उत्तर न देता वकील मागण्याचा हक्क आहे. पण १८ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद), ग्रीन कार्ड यांसारखा नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणे ही तिथली कायदेशीर सक्ती आहे. खोटे बोलणे किंवा खोटा कागद दाखवणे हा वेगळा गुन्हा ठरतो. न समजलेल्या कागदावर सही तर मुळीच करू नये, कारण सुनावणीचा हक्क सोडल्याचा मजकूर त्यातच असू शकतो. इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. विनामूल्य मदत देणाऱ्या वकिलांची राज्यवार यादी त्या न्यायालयांचा विभागच प्रसिद्ध करतो.

आता इथली फाइल. ताब्यातील व्यक्ती शोधण्याची सरकारी ऑनलाइन सोय आहे. ती ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा अचूक नाव आणि जन्मदेश मागते. आपल्याकडे घोळ होतो तो नावातच. पासपोर्टवर मुलाच्या नावाला वडिलांचे नाव जोडलेले असते, कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे असते. एका अक्षराने शोध फसतो. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ वरचे नाव जसेच्या तसे लिहून ठेवा. वर्क परमिट किंवा ग्रीन कार्ड असेल तर त्यावर नऊ अंकी ए-नंबर असतोच. तोही टिपून घ्या. ताब्यातील लोकांना अनेकदा दुसऱ्या राज्यात हलवतात आणि नोंद उशिरा दिसते. आज नाव सापडले नाही तर उद्या पुन्हा शोधा.

भारतीय वाणिज्य दूतावासाला आपोआप कळवले जाईल असे समजू नये. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाला कळवा असे सांगण्याचा हक्क आहे, हे अटकेतील व्यक्तीला सांगावे लागते, पण भारतीयाच्या बाबतीत दूतावासाला कळवले जाते ते त्याने मागितले तरच. 'माझ्या दूतावासाला कळवा' हे वाक्य मुलाला आधीच पाठ करून ठेवायला सांगा. इथून पालकांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आर्थिक अडचण असलेल्यांना कायदेशीर मदतीसाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो.

जामीन मंजूर झाला तर किमान रक्कम १,५०० डॉलर असते, प्रत्यक्षात बहुधा बरीच जास्त. ती भरणारी व्यक्ती अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य असलेली लागते, सोलापुरातून थेट भरता येत नाही. म्हणून तिथे राहणारा भरवशाचा माणूस आधीच ठरलेला हवा. लहान मुले असतील तर शाळेतून त्यांना कोण आणील, हेही लेखी ठरवावे.

अशा वेळी भामटे टपलेलेच असतात. 'तुमच्या मुलाला पकडलंय, यूपीआयने पैसे पाठवा' असा फोन आला की तो ठेवून द्यावा आणि मुलाला, त्याच्या खोलीतील मित्राला फोन लावावा.

सोलापुरातील महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांनी तिथल्या मुलांची शहरवार यादी करावी. प्रत्येक शहरात वकिलाला फोन करू शकतील आणि जामिनाला उभे राहतील अशा किमान दोघांची संमती आताच घ्यावी. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न स्थानिक मंडळांकडेही यासाठी विचारणा करता येईल. परदेशी निघणाऱ्या नव्या तुकडीला बॅगा भरण्याआधी ही माहिती मिळाली पाहिजे.

आपला,
एक वाचक, होटगी रोड, सोलापूर