सभेच्या नोटिशीला डिजिटल सही हवी

संपादक महोदय,

सप्टेंबर जवळ आला की मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांत वार्षिक सभेची धावपळ सुरू होते. नोटीस, ताळेबंद, मेंटेनन्सची बिले आता ई-मेलने जातात आणि 'मला नोटीस मिळालीच नाही' यावरून भर सभेत खडाजंगी होते. मुलुंड-भांडुपकडच्या काही सोसायट्यांचे संगणकाचे काम मी पाहते. सभासद बहुतेक वेळा खरेच बोलत असतात. नोटीस स्पॅममध्ये पडलेली असते.

गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी) आणि डीकेआयएम दोन्ही सक्तीचे झाले; लहानांनाही दोन्हींपैकी एक लागतेच. माझा आग्रह डीकेआयएमचा, म्हणजे डिजिटल सहीचा आहे. सभासदाने आपले मेल मुलाच्या पत्त्यावर फॉरवर्ड लावले असतील, तर एसपीएफ तिथे टिकत नाही. मजकुराला हात लागला नाही, तर ही सही टिकते.

सही करणारी खासगी किल्ली रिले सर्व्हरवर, म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरवर, ठेवायची; सही पडताळणारी जाहीर किल्ली डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत, टीएक्सटी नोंद म्हणून टाकायची, एवढेच काम. पण घोळ रिलेवरच होतो. सही करणारे ओपनडीकेआयएम हे सॉफ्टवेअर मुळात त्याच सर्व्हरवरून निघालेल्या किंवा लॉग-इन करून दिलेल्या मेलवरच सही करते. लॉग-इन न करता मेल देणाऱ्या ऑफिसातल्या बिलिंगच्या संगणकाचा आयपी पत्ता 'इंटर्नलहोस्ट्स'च्या, म्हणजे ज्यांच्या मेलवर सही करायची त्यांच्या, यादीत घातला नाही, तर बिले बिनसहीची निघतात. मेल अडत नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही. दुसरा घोळ तळटिपेचा. सही झाल्यावर पुढच्या सर्व्हरने खाली 'हा मेल गोपनीय आहे' असे काही जोडले की सही बाद! लिफाफा लाखेने बंद करून मग फोडून आत चिठ्ठी सरकवण्यासारखेच हे. सही सगळ्यात शेवटी, मेल बाहेर पडताना व्हायला हवी.

काही सेवा पुरवठादार स्वतःच्याच डोमेनची सही करून मोकळे होतात. प्रेषक म्हणून सोसायटीचे डोमेन आणि सही भलत्याचीच, हे डीएमएआरसीच्या (प्रेषकाच्या डोमेनशी सही किंवा एसपीएफ जुळते का हे पाहणाऱ्या) तपासणीत जुळत नाही. यात संस्थेने पैसे मोजूनही पदरात काही पडत नाही, याची मला चीड येते.

सेक्रेटरींनी एक नोटीस स्वतःच्या जीमेलवर मागवून 'शो ओरिजिनल' उघडावे. डीकेआयएमपुढे 'पास' आणि आपल्याच संस्थेचे डोमेन दिसले पाहिजे. दिसत नसेल तर पुढच्या कंत्राटात ही अट लेखी घालावी आणि पहिले बिल ती पूर्ण झाल्यावरच चुकते करावे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)