परिवीक्षा कायद्याचं कलम ९ पूर्ण वाचायला लावणाऱ्या वकीलताईंना आभारपत्र

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या लेखी हमीवर (बॉण्डवर), सुटलेल्या माणसाने बॉण्डची अट मोडली आणि न्यायालयाने मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली, की घरचे हात टेकतात. अशी प्रकरणं विधी सेवा प्राधिकरणामार्फत हाती घेऊन, कुटुंबाकडून एक पैसा न घेता तुम्ही ती अपिलापर्यंत नेता. त्याबद्दल आम्हा विधी स्वयंसेवकांचे मनापासून आभार.

अट मोडली की नाही, यावर तुम्ही अडून राहत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधलं कलम ९(३) काढून समोर ठेवता. तिथे न्यायालयापुढे दोन वाटा आहेत: मूळ गुन्ह्याची शिक्षा, किंवा चूक पहिलीच असेल तर बॉण्ड तसाच चालू ठेवून जास्तीत जास्त ५० रुपये दंड. दुसऱ्या वाटेचा विचार आदेशात दिसतच नसेल, तर अपिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच, हे तुम्ही आमच्या मनावर ठसवलंत.

रोजनामा, म्हणजे न्यायालयाच्या दर तारखेच्या कामकाजाची नोंद, वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. कलम ४(५) प्रमाणे देखरेख आदेशाच्या अटी समजावून सांगाव्या लागतात आणि त्याची प्रत सुटलेल्या माणसाला, जामीनदारांना व परिवीक्षा अधिकाऱ्याला द्यावी लागते. कामासाठी मुक्काम हलवलेल्या मजुराला पत्ता कळवण्याची अट कुणी सांगितलीच नसेल, तर ते अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, स्पष्ट यायला हवं. हजेरीचे कागद सोबत.

मुदतीबाबत तुम्ही फार काटेकोर, आणि ते योग्यच आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात. प्रमाणित नकल मिळायला लागलेला काळ त्यातून वगळला जातो, पण नकलेचा अर्जच उशिरा केला तर तो उशीर आपल्याच माथी. मग विलंब माफीचा अर्ज, आणि त्यात प्रत्येक दिवसाचं कारण. फीचे पैसे जमवण्यात हे दिवस घालवू नयेत: कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं.

अपील दाखल झालं म्हणून शिक्षा थांबत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली स्थगिती आणि जामिनाचा अर्ज त्याच दिवशी जोडायचा, नाहीतर लहान शिक्षा सुनावणीआधीच भोगून संपते. माणूस आधीपासून जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल, तर नाकारण्याचं खास कारण नसल्यास शिक्षा देणारं न्यायालयच अपील दाखल करून वरच्या न्यायालयाचा आदेश मिळवण्यापुरता जामीन देतं. म्हणून अटभंगाच्या पहिल्याच तारखेला, परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ९(२) खाली जामीन मिळावा यासाठी, जामीनदार हजर ठेवण्याचा तुमचा आग्रह आम्ही आता सगळीकडे सांगतो.

आणि त्याच परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली की हे संरक्षण जातं. तरुण पोरांच्या अपिलात हा मुद्दा तुम्ही कधी गाळला नाहीत. त्यासाठी वेगळे आभार.

आपले,
विधी स्वयंसेवक